तीच ठेच पुन्हा पुन्हा

आपल्याकडे एखाद्या बाईचा दुसरा संसारही पहिल्याच्याच वाटेने गेला, किंवा एखादा गृहस्थ तिसऱ्या भागीदाराकडूनही तसाच नागवला गेला, की गाव दोनच निष्कर्ष काढतो. एक कपाळाचा आणि दुसरा अकलेचा. वडीलधारी माणसे ‘तिच्या नशिबातच नाही’ म्हणून उसासा टाकतात, पत्रिका पुन्हा उघडली जाते, देवीला पाकळ्या लावून प्रसाद घेतला जातो. ज्यांचा या गोष्टींवर विश्वास नाही ते ‘हाताने ओढवून घेतले’ एवढे म्हणून मोकळे होतात. दोन्ही निष्कर्षांत मोठी सोय आहे. त्यांच्यानंतर कुणालाच अधिक विचार करावा लागत नाही. परंतु दारुड्या नवऱ्याच्या जाचातून सुटलेली शहाणीसुरती बाई पुन्हा तसल्याच माणसापाशी का येऊन थांबते, चार मित्रांनी दगा दिलेला मनुष्य पाचवा मित्र जोडताना नेमका तसाच का जोडतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मानसोपचारशास्त्र गेली शंभरांहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झुंजत आहे. त्याचे फलित आपल्या घराघरांपर्यंत पोहोचलेले नाही, आणि जे थोडेफार पोहोचले ते विपर्यस्त स्वरूपात. म्हणून हा विषय आज या स्तंभात घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्न आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. इच्छा नसताना, जणू कुणी बळाने ओढून नेल्याप्रमाणे मनुष्य पाप का करतो, असे अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारले आहे. महाभारतातील द्यूताची कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यातील दुसरे द्यूत मात्र फारसे कुणी आठवत नाही. पहिल्या डावात राज्य, भाऊ आणि पत्नी गमावल्यावर धृतराष्ट्राने सारे परत दिले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, आणि तेथून धर्मराज पुन्हा त्याच सभेत, त्याच शकुनीसमोर येऊन बसला. वडिलांचे बोलावणे मोडता येत नाही, हे त्याने दिलेले कारण. युधिष्ठिराला अक्कल नव्हती असे कोण म्हणेल? योगशास्त्राने तर वृत्तींतून संस्कार आणि संस्कारांतून पुन्हा वृत्ती असे चक्रच मानले. निरीक्षण आपल्यापाशी होते. ते चक्र दोन माणसांच्या संबंधांत कसे फिरते आणि तिसऱ्या माणसाच्या साहाय्याने त्याची गती कशी रोखता येते, याचा पद्धतशीर शोध मात्र पाश्चात्त्य दवाखान्यांत सुरू झाला.

रुग्णाला जे आठवत नाही ते तो करून दाखवतो, हे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१४ सालच्या एका छोट्या निबंधात मांडले. लहानपणी आईबापांच्या सत्तेविरुद्ध आपण बंड करीत होतो, असे रुग्ण सांगत नाही. तो डॉक्टरांशी तसे वागतो, आणि आपण काही जुनेच पुन्हा करीत आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते. पुढे १९२० साली ‘सुखतत्त्वापलीकडे’ या ग्रंथात त्यांनी असल्या माणसांची एक मालिकाच वाचकांपुढे उभी केली. ज्याचा प्रत्येक आश्रित शेवटी रागावून सोडून जातो असा परोपकारी, ज्याची प्रत्येक मैत्री मित्राच्या विश्वासघाताने संपते असा मनुष्य, आणि ज्याचे प्रत्येक प्रेमप्रकरण त्याच पायऱ्या चढून त्याच कड्यावरून कोसळते असा प्रियकर. कुणी दुष्ट दैव हात धुऊन मागे लागले आहे, असे या माणसांकडे पाहून वाटते. फ्रॉइड यांचे म्हणणे असे की हे दैव बव्हंशी त्या माणसाने स्वतःच, बालपणीच्या ठशांबरहुकूम, नकळत रचलेले असते. त्यांनी त्याला पुनरावृत्तीची अनिवार प्रेरणा म्हटले.

त्याच ग्रंथात त्यांच्या दीड वर्षाच्या नातवाच्या खेळाचे वर्णन आहे. दोरा बांधलेले लाकडी रीळ हा मुलगा पलंगाच्या पडद्यापलीकडे फेकी, ते दिसेनासे झाले की ‘गेले’ अशा अर्थाचा स्वर काढी, आणि मग दोरा ओढून ते परत आले की आनंदाने त्याचे स्वागत करी. आई घराबाहेर जाई तेव्हा हा मुलगा रडत नसे. आईचे जाणे त्याच्या हाती नव्हते. रिळाचे जाणे होते. जे सोसावे लागले ते आपल्या हाताने घडवून आणायचे, म्हणजे निदान त्यावर आपली सत्ता आहे असे वाटते. प्रौढपणी ‘हा आपल्याला सोडून जाणारच’ या धास्तीने जी बाई स्वतःच भांडण उकरून काढते व त्याला जायला लावते, तिच्या हातात हेच रीळ असते. फ्रॉइड यांनी मात्र या साध्या निरीक्षणावर मृत्युप्रेरणेचा एक अवजड मनोरा चढवला. त्यांच्याच अनेक अनुयायांना तो पेलला नाही, आणि आम्हांसही तो अनावश्यक वाटतो.

सिद्धान्तापेक्षा त्यांच्या एका फसलेल्या उपचाराची हकीकत अधिक शिकवणारी आहे. १९०० सालच्या अखेरीस अठरा वर्षांची एक मुलगी तिच्या वडिलांनी त्यांच्याकडे आणली. ग्रंथात तिचे नाव डोरा असे बदललेले आहे. वडिलांच्या एका स्नेह्याने तिच्याशी अल्पवयातच लगट केली होती आणि वडिलांचे त्या स्नेह्याच्या पत्नीशी संबंध होते. मुलीने तक्रार केली तेव्हा ही तिची कल्पना आहे असे ठरवण्यात आले. ‘हिला जरा वळणावर आणा’ अशा आशेने बापाने तिला डॉक्टरांपुढे बसवले. मुलगी खरे बोलते हे फ्रॉइड यांना पटले होते. पण तिचे मन मुळात त्या स्नेह्यावरच होते, असे ते तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तीन महिन्यांत, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ती उठून गेली. त्या स्नेह्यावरचा राग तिने आपल्यावर काढला आणि ते आपल्या वेळीच ध्यानात आले नाही, अशी कबुली त्यांनी १९०५ साली प्रसिद्ध केली. जुन्या माणसाविषयीच्या भावना नव्या माणसावर उतरतात, या भावसंक्रमणाच्या तत्त्वाला यातून महत्त्व आले. आज ही हकीकत वाचणारे आणखी एक गोष्ट दाखवून देतात. त्या मुलीच्या आयुष्यात आपल्या सोयीसाठी तिचे म्हणणे बाजूला सारणारे पुरुष आधीच दोन होते, आणि उपचारांच्या खोलीत तिला तिसरा भेटला. पुनरावृत्ती एकट्या रुग्णाच्या मनात घडत नसते. समोरचा माणूस नकळत त्याच भूमिकेत शिरतो आणि वर्तुळ पुरे करतो. नवरा, सासू, मालक, डॉक्टर यांपैकी कुणीही तो असू शकतो.

पण जे दुखावते त्याकडेच मन का ओढ घेते? एडिंबरो येथील रोनाल्ड फेअरबेर्न या मनोवैद्यांनी छळ सोसलेली मुले तपासली होती. आपले आईबाप वाईट आहेत असे म्हणायला ही मुले काही केल्या तयार होत नसत. उलट आपणच वाईट आहोत असे चटकन मान्य करीत. १९४३ साली फेअरबेर्न यांनी त्याचा जो उलगडा केला तो आजही अंगावर काटा आणतो. ज्याच्यावाचून जगताच येत नाही तो आधार वाईट आहे असे मानले तर मुलाला जगात कुठेच आशा उरत नाही. आपणच वाईट असलो, तर निदान सुधारण्याची आशा उरते. आपण चांगले वागलो म्हणजे बाबा मारणार नाहीत. मार खाऊन ‘माझेच चुकले’ म्हणणारी प्रौढ स्त्री हाच जुना सौदा पुन्हा करीत असते.

लंडनच्या जॉन बोल्बी यांनी या विचाराला पक्का पाया दिला. १९६९, १९७३ आणि १९८० साली निघालेल्या आपल्या तीन खंडांत त्यांनी दाखवले की मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. संरक्षक माणसाच्या निकट राहणे ही भुकेइतकीच मूलभूत गरज आहे. पहिल्या काही वर्षांच्या अनुभवांतून मूल आपल्या मनात एक नकाशा तयार करते. मी रडलो तर कुणी येते काय, येते ते जवळ घेते की खेकसते, आणि माझ्यासारख्याला जवळ घेण्याजोगे मानतात काय, याचा तो नकाशा असतो. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे वर्षावर्षाच्या मुलांना अनोळखी खोलीत थोडा वेळ आईपासून दूर ठेवून पाहिले. त्यांचे लक्ष आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते याकडे अधिक होते. काही मुले बिलगून शांत होत आणि खेळू लागत. काही आईकडे पाहतच नसत, आणि काही एकाच वेळी बिलगत व लाथाही झाडत. १९७८ साली ग्रंथरूपाने आलेल्या या अभ्यासाने पुढील संशोधनाची दिशाच ठरवली. नकाशा जुना झाला तरी माणूस त्याच्याच आधारे चालतो, कारण दुसरा त्याच्यापाशी नसतो. प्रेमळ, शांत मनुष्य समोर आला तर तो त्याला अळणी वाटतो. धडकी भरवणारा भेटला की ‘याला मी ओळखते’ असे आतून वाटते. परिचयाची ही ऊब सुखाची असतेच असे नाही.

हे चक्र ओळखण्याच्या रीतीही पुढे बांधल्या गेल्या. फिलाडेल्फियाचे लेस्टर लुबोर्स्की यांनी १९७७ पासून रुग्णांच्या बोलण्यातील लहान लहान प्रसंग वेगळे काढून प्रत्येकाला तीन प्रश्न लावले. याला काय हवे होते, समोरच्याने काय दिले, आणि त्यावर याने स्वतः काय केले. बायकोची हकीकत असो, साहेबाची असो की भावाची, साचा बहुधा एकच निघे, आणि त्याच साच्यात खुद्द उपचारकही बसलेला आढळे. लंडनमध्ये अँथनी रायल यांनी सरकारी आरोग्यसेवेत परवडावी म्हणून बहुधा सोळा बैठकांची पद्धत घडवली. तिच्यात पहिल्या काही बैठकांनंतर उपचारक रुग्णाला एक पत्र लिहितो. तुम्ही कोणत्या परिस्थितीत वाढला, तेव्हा तग धरण्यासाठी कोणती युक्ती योजली, आणि तीच युक्ती आज कसा सापळा बनली आहे, हे त्यात साध्या भाषेत असते. कुणी नाराज होऊ नये म्हणून सर्वांचे ऐकणारा मनुष्य हे त्याचे नेहमीचे उदाहरण. लोक त्याचा फायदा घेतात, तो आतल्या आत धुमसतो, एक दिवस स्फोट होतो, मग अपराधी वाटून तो अधिकच नमतो. आपल्या एकत्र कुटुंबांतून असली माणसे शोधायला दिवा नको.

आता ज्या विपर्यासाचा आम्ही आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. ‘माणूस आपले दैव आपणच रचतो’ हे वाक्य जबाबदार तोंडून निसटले की त्याचे शस्त्र व्हायला वेळ लागत नाही. १९६४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात तीन मनोवैद्यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बारा स्त्रियांवर लेख लिहिला आणि त्या मारात बायकांचीच एक गरज भागत असते असा निवाडा दिला. मारणारा हात बाजूला राहिला आणि तपासणी गालाची झाली. पुढे १९८७ साली अमेरिकन मनोविकारांच्या अधिकृत सूचीच्या परिशिष्टात ‘आत्मघातकी व्यक्तिमत्त्व’ अशा आशयाचे एक निदान शिरले. स्त्रीसंघटनांनी व खुद्द अनेक मानसतज्ज्ञांनी विरोध केला आणि १९९४ च्या आवृत्तीत ते गळाले. म्हणजे आपल्या गावच्या ओट्यावर बसून ‘हाताने ओढवून घेतले’ म्हणणाऱ्यांना विद्वानांचीही साथ काही काळ लाभली होती.

वस्तुस्थिती काय दिसते? १९८१ साली कॅनडातील डटन व पेंटर या संशोधकांनी दाखवले की एकाच्या हाती सारी सत्ता असेल आणि जाच व माया आलटून पालटून मिळत असेल, तर जाच करणाऱ्याशी माणूस अधिकच घट्ट बांधला जातो. मटक्याचा आकडा रोज लागत नाही म्हणूनच मटका सुटत नाही. मारल्यानंतर चार दिवस नवरा गजरा आणतो, मुलांना जत्रेला नेतो, म्हणूनच ती राहते. त्याखेरीज भाकरीचा, छपराचा, मुलांचा आणि माहेरच्या बंद दाराचा प्रश्न असतोच. ‘दिल्या घरी सुखी राहा’ असे सांगून मुलीची पाठवणी चार वेळा परत करणाऱ्या माहेराने पाचव्या वेळी ‘ही पुन्हा पुन्हा तिथेच का जाते’ असे विचारावे, यासारखा ढोंगीपणा दुसरा नाही. यास्तव क्रम स्पष्ट हवा. जिथे जिवाला धोका आहे तिथे आधी सुरक्षितता, आणि मनाचा नकाशा त्यानंतर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. तो हक्क बजावून घेण्यापूर्वीच तिच्या बालपणाची चौकशी मांडणारा समुपदेशक हा नवऱ्याचाच वकील होय.

तरीही नकाशाचा प्रश्न टळत नाही, कारण सुटका झाली म्हणून तो आपोआप पुसला जात नाही. त्याहून गंभीर बाब अशी की तो पुढच्या पिढीच्या हाती जातो. या बाबतीत सेल्मा फ्रायबर्ग यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७५ साली अमेरिकेतून प्रसिद्ध केलेला निबंध आम्हांस या साऱ्या वाङ्मयात सर्वश्रेष्ठ वाटतो. आपले काही महिन्यांचे बाळ किंचाळून रडत असताना दूर बसून शून्यात पाहणारी एक तरुण आई त्यात आहे. तिला बाळाचे रडणे जणू ऐकूच येत नाही. दुसऱ्या कुणी तिला कर्तव्याचा पाठ दिला असता. या मंडळींनी स्वतःला वेगळाच प्रश्न विचारला: हिचे रडणे लहानपणी कुणी ऐकले होते काय? ती स्वतः टाकलेली मुलगी होती, या घरातून त्या घरात वाढलेली. घरी येणाऱ्या उपचारकापाशी ती त्या दिवसांबद्दल बोलू लागली, रडली, तिचे रडणे कुणीतरी मन लावून ऐकले. आणि मग तिने आपल्या बाळाला उचलून छातीशी धरले. फ्रायबर्ग यांचा निष्कर्ष असा की बालपणी छळ सोसलेले सगळेच आईबाप तो छळ पुढे चालवीत नाहीत. घटना अनेकांना आठवतात. पण त्या वेळची भीती आणि वेदना ज्यांना आठवते ते आपल्या मुलाला तिच्यापासून वाचवू पाहतात. ज्यांनी वेदना गाडून टाकली ते मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहतात. ‘आम्हीही लहानपणी छड्या खाल्ल्या, आमचे काय बिघडले’ असे अभिमानाने सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी यावर क्षणभर विचार करावा.

मानसोपचार हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या मातीत ते रुजायचे नाही, असाही एक आक्षेप येतो. गोमंतकीयांनी तरी तो घेऊ नये. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये मोहनिद्रेचे प्रयोग केले, आणि १८१९ साली, आपल्या मृत्यूच्या वर्षी, ग्रंथ लिहून सांगितले की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून कसलाही प्रवाह वाहत नसतो. जे घडते त्याचे कारण निद्रिताच्या स्वतःच्या मनात असते. पणजीला १९४५ पासून उभा असलेला त्यांचा पुतळा शिल्प म्हणून उत्तम आहे, पण हात उगारलेला पुरुष आणि खाली कोसळलेली स्त्री हे त्याचे दृश्य फारियांच्या शिकवणुकीच्या नेमके उलट आहे. अलीकडच्या काळात सुधीर कक्कर यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा मनोविश्लेषक २०२४ साली निधन होईपर्यंत आपल्याच बाणावलीत राहत होता. भारतीय रुग्ण उपचारकात गुरू शोधतो, हे त्यांनी बारकाईने मांडले आहे. गुरूने मार्ग सांगावा आणि आपण तो निमूटपणे चालावा, ही अपेक्षा कित्येकदा त्या जुन्याच साच्याचा भाग असते. जन्मभर कुणाच्या तरी आज्ञेत राहिलेल्या बाईला उपचारकानेही आज्ञाच दिली, तर फक्त धनी बदलला.

खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे, पण त्यालाही गोव्यानेच उत्तर दिले आहे. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपचार करून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१० व २०१७ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापले आणि जगभर त्यांचे अनुकरण झाले. ते काम खिन्नतेचे व पुरुषांच्या दारूचे होते, नात्यांच्या साच्यांचे नव्हे. पण आपल्याच बोलीत बोलणारा, सहा-आठ वेळा शांतपणे ऐकून घेणारा माणूस काय करू शकतो हे त्यातून सिद्ध झाले. जग ज्याचे धडे गिरवते ते आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात कायमच्या पगारी जागांच्या रूपाने का नसावे, असा आमचा सरकारला प्रश्न आहे.

१४४१६ हा मानसिक आरोग्याचा आणि १८१ हा स्त्रियांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि ते प्रत्येक घरी भिंतीवर लिहिलेले असावेत. पण आपले गाव लहान. केंद्रातल्या बाकावर शेजारी बसलेली बाई आतेसासूची जाऊ निघते, आणि पडद्यामागून बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायऱ्यांवर पोहोचतो. जिला आयुष्यात प्रथमच खरे बोलायचे आहे तिच्यासाठी आरोग्य केंद्रात आधी एक अशी खोली पाहिजे, जिचे दार आतून लागते.